वसईच्या देवळांतील मिस्सेचें थेट प्रक्षेपण : एक नाशवंत साधन

वसई प्रांताच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे पोर्तुगीज दप्तरें, पेशव्यांच्या मोहिमेचीं पत्रें, किल्ल्यांतील शिलालेख आणि धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या नोंदवह्या हींच बहुधा डोळ्यांपुढें येतात. या यादींत आणखी एका साधनाची भर घालावी, आणि ती सत्वर घालावी, असें आम्हांस वाटतें. तें साधन म्हणजे २०२० सालापासून वसईच्या देवळांतून (ख्रिस्ती वसईकर चर्चला देऊळच म्हणतो) समाजमाध्यमांवरून झालेलीं मिस्सेचीं थेट प्रक्षेपणें व त्यांचीं मागें उरलेलीं चित्रमुद्रणें. इतक्या अलीकडच्या वस्तूस साधन म्हणण्यास आमचे कांहीं संग्राहक स्नेही कचरतील. पण १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या छावणींतून निघालेलीं पत्रेंही त्या दिवशीं ताजी बातमीच होतीं. कोणीं तरी तीं रुमालांत बांधून ठेविलीं, म्हणून आज तीं आपणांस वाचावयास मिळतात.

प्रथम घडलें काय तें नमूद करूं. २४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि पुढें बाराव्याच दिवशीं, ५ एप्रिलला, झावळ्यांचा रविवार होता. वसईचा धर्मप्रांत १९९८ सालीं मुंबईच्या महाधर्मप्रांतांतून वेगळा झाला. पापडी, सांडोर, नंदाखाल, गास अशीं जुन्या नांवाजलेल्या धर्मग्रामांचीं देवळें त्यांत येतात. पवित्र सप्ताहांत एरवीं या देवळांच्या पटांगणांतही उभें राहण्यास जागा मिळत नाहीं. त्या वर्षीं दारें बंद होतीं, आणि उत्तम शुक्रवार (१० एप्रिल) व पुनरुत्थानाचा रविवार (१२ एप्रिल) भाविकांनीं घरांत मोबाइलच्या पडद्यापुढें बसून पाळले. महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, एप्रिल २०२१ मध्यें पुनः मिटलीं, व ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, पुनः उघडलीं. दारें उघडल्यावरही प्रक्षेपणाची चाल समूळ गेली नाहीं. अंथरुणास खिळलेले वृद्ध आणि आखातांत वा कानडांत गेलेलीं मुलें यांस ती सोयीची वाटली. टाळेबंदींत अंत्यविधीस वीसच माणसांस मुभा होती. तेव्हां परदेशस्थ पुत्रानें आईची शेवटली मिस्सा दूरच्या पडद्यावर पाहावी, असे प्रसंग घरोघर आले.

ही कल्पना कांहीं आकाशांतून पडलेली नव्हे. व्हॅटिकनचें नभोवाणी केंद्र मार्कोनीच्या हातून १९३१ सालींच उभें राहिलें. १९४८ च्या नाताळांत पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरांतील मध्यरात्रीची मिस्सा दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. आजारानें खोलींतच पडून राहिलेल्या संत क्लारेला नाताळची मिस्सा भिंतीवर दिसली अशी कथा आहे; तिजवरून १९५८ सालीं तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविण्यांत आलें. आमच्याकडील संजयाची आठवण येथें वाचकांस होईलच. तथापि ख्रिस्तसभेचा निर्णय स्पष्ट आहे : मिस्सा पडद्यावर पाहणें म्हणजे मिस्सेस उपस्थित राहणें नव्हे. परमप्रसाद हातांत द्यावा लागतो. तो तारेवरून वा बिनतारी जात नाहीं. आमच्या मतें हा भेद यथार्थ आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्यानें कांहीं अडत नाहीं. लग्नपत्रिका म्हणजे लग्न नव्हे, तरी लग्नाचा पुरावा तीच.

या मुद्रणांत अभ्यासूस मिळण्यासारखें पुष्कळ आहे. मिस्सेची भाषा ग्रांथिक मराठी. पण वाचकाच्या उच्चारांत, गायकांच्या हेलांत व शेवटच्या सूचनांत सामवेदी, वाडवळी वा कोळी बोलीची छटा उमटते. ती कोणत्याही छापील प्रार्थनापुस्तकांत सांपडणार नाहीं. ज्यांच्या आत्म्यास शांति मिळावी म्हणून मिस्सा अर्पिली जाते त्यांचीं नांवें उच्चारलीं जातात. साथीच्या दोन वर्षांतील तीं नांवें एकत्र केलीं तर गांवोगांवच्या मृत्यूंची नोंदच तयार होईल. प्रवचनांतून त्या दिवसांची भीति व धीर दोन्ही ऐकूं येतात. शिवाय प्रत्येक मुद्रणास मिती आपोआप चिकटलेली, हा लाभ तर मोडी कागदांच्या वाचकास हेवा वाटावा असा आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६३ च्या पुढें, लॅटिन मिस्सा जाऊन मराठी मिस्सा आली. लॅटिन मिस्सा वसईंत कशी ऐकूं येई हें सांगणारी पिढी आतां सत्तरी ओलांडून गेली आहे. तें संक्रमण आपण असें जपलें नाहीं.

आतां संकटाचें सांगतों. फेब्रुवारी २०२५ मध्यें फेसबुकानें जाहीर केलें कीं, यापुढें थेट प्रक्षेपणाचें मुद्रण तीसच दिवस राहील. जुनींही मुद्रणें क्रमानें काढून टाकलीं जातील, आणि तत्पूर्वीं तीं उतरवून घेण्यास चालकांस नव्वद दिवसांची मुदत मिळेल. २०२० सालीं यूट्यूबवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करण्यास हजार सदस्य असावे लागत. फेसबुकास ती अट नव्हती. यावरून अनुमान निघतें तें असें, कीं मोठ्या देवळांपेक्षां लहान धर्मग्रामांचींच मुद्रणें अधिक धोक्यांत आलीं असावींत. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानें पुस्तकें व नियतकालिकें सरकारी ग्रंथालयांत पोंचतात, असल्या मुद्रणांस तो लागूं नाहीं.

असें पूर्वींही घडलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें, आणि त्या तिन्ही मुद्रणांपैकीं एकही प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ तरला तो हातानें नकलून घेणाऱ्या लेखकांमुळें. साल्ढाणांनीं १९०७ सालीं मंगळुरास काढलेली आवृत्ति अशा हस्तलिखितांवरच उभी आहे, आणि मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी लंडनांत सुरक्षित आहे. वसईच्या घांटांचेंही असेंच : मेणवलीची १७०७ ची व भीमाशंकरची १७२९ ची घांट, दोन्ही परंपरेनें वसई मोहिमेंतल्या मानल्या जातात, आणि दोन्ही परक्या गाभाऱ्यापुढें टिकल्या.

तेव्हां संग्राहकांनीं नकलनवीसांचेंच काम करावयाचें आहे. धर्मग्रामाच्या कार्यालयांत व मोबाइल धरणाऱ्या तरुणांकडे विचारपूस करावी. मूळ मुद्रण कोणाच्या यंत्रांत वा तबकडींत पडून आहे काय तें पाहावें. तासाभराची मिस्सा साधारण एका गिगाबाइटच्या आसपास जागा घेते, म्हणजे खर्चाची सबब टिकत नाहीं. प्रत्येक नकलेसोबत तारीख, देऊळ, मिस्सेचें निमित्त, भाषा व मूळ प्रक्षेपणाचें ठिकाण एवढें कागदावर लिहून ठेवावें, आणि नकला दोन निरनिराळ्या गांवीं ठेवाव्या. अंत्यविधीचीं व घरगुती प्रसंगांचीं मुद्रणें घरच्यांच्या अनुमतीवांचून कोणास दाखवूं नयेत. आरंभ ५ ते १२ एप्रिल २०२० या आठवड्यापासून करावा, आणि लहान देवळांपासून.