सरकीचा भाव

आमच्या बँकेत दिवसातून शंभरदा तरी 'सर' म्हणावे लागते. त्याचे कोणी पैसे घेत नाही आणि देतही नाही. इंग्लंडात मात्र 'सर' होणे हे एके काळी भलतेच खर्चाचे काम होते. या पदाला मी सोयीसाठी 'सरकी' म्हणतो. म्हशीच्या आंबोणातली सरकी वेगळी. पण भाव दोन्हींना असतो.

'नाइट' या शब्दाचा मूळ अर्थ पोरगा, नोकर. पुढे हा पोरगा चिलखत घालून घोड्यावर बसला आणि राजासाठी लढू लागला. घोडा, चिलखत, हत्यारे, सगळे पदरमोड करून! तेव्हा शहाणी माणसे हा मान चुकवू लागली. मग राजांनी फर्मान काढले, की अमुक उत्पन्न असेल त्याने नाइट झालेच पाहिजे, नाहीतर दंड! पहिल्या चार्ल्सला पैशांची चणचण भासली तेव्हा, १६३० साली, त्याने हा जुना नियम धूळ झटकून बाहेर काढला. वर्षाला चाळीस पौंडांची जमीन असूनही जे त्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी नाइट व्हायला फिरकले नव्हते, त्यांच्याकडून त्याने लाखाहून अधिक पौंड वसूल केले. खात्यात किमान शिल्लक नसेल तर दंड बँकाही लावतात. पण खातेच उघडले नाही म्हणून दंड, ही कल्पना अजून कुठल्याही हेड ऑफिसला सुचलेली नाही!

चार्ल्सचे तीर्थरूप पहिले जेम्स त्याहून व्यवहारी. त्यांनी १६११ साली 'बॅरोनेट' ही वंशपरंपरागत सरकी काढली. किंमत १,०९५ पौंड, हप्त्यांची सोय. रोजी आठ पेन्सप्रमाणे तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार, असा हिशेब होता. मी गुणाकार ताडून पाहिला. पेनीचाही फरक नाही. पहिल्या महायुद्धानंतर लॉईड जॉर्ज यांच्या अमदानीत साध्या सरकीचा भाव दहा हजार पौंडांवर गेल्याचा बोभाटा झाला आणि १९२५ साली या विक्रीविरुद्ध कायदाच करावा लागला.

आता आपल्याकडची बाजू. १९१४ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांना सरकी देऊ केली गेली. त्यांनी ती घेतली नाही. रवींद्रनाथ ठाकुरांना १९१५ साली मिळाली. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मेअखेरीस रवींद्रनाथांनी व्हाइसरॉयला पत्र लिहिले, की देशबांधवांची अशी मानखंडना होत असताना हा मान अंगावर मिरवण्याची लाज वाटते. तेव्हा तो काढून घ्यावा.

सरकीच्या साऱ्या खतावणीत मला ही एकच नोंद पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. चार्ल्सच्या वेळी मान न घेणाऱ्याला दंड झाला होता. या वेळी तो देणाऱ्याला झाला. आणि ती बाकी अजून फिटलेली नाही.