शय्याव्रण : एका उपेक्षित दुखण्याचा इतिहास

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, कुल्ल्यावर किंवा टाचेवर जी जखम होते, तिला शय्याव्रण असे म्हणतात. मूळ दुखणे निराळेच असते. कोणाला अर्धांगवायू झालेला असतो, कोणाचे मांडीचे हाड मोडलेले असते, तर कोणी केवळ वार्धक्याने थकलेला असतो. परंतु त्या मूळ दुखण्यातून सावरू लागलेला रोगी या जखमेने पुन्हा खचतो आणि जंतुदोष रक्तात भिनला तर दगावतोही. ही जखम रोगाबरोबर येणारच, की ती शुश्रूषेतील उणिवेमुळे होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या वादाचा होता. त्याचे उत्तर मिळण्यास जो काळ लागला, त्यात असंख्य माणसे प्राणास मुकली.

निरोगी माणूस झोपेतही स्वस्थ पडून राहत नाही. एका अंगावर भार फार वेळ पडला की त्वचा तक्रार करते आणि माणूस नकळत कूस बदलतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. कूस बदलताच त्या पुन्हा वाहू लागतात. ज्याला हालता येत नाही किंवा ज्याची संवेदनाच गेली आहे, त्याच्या बाबतीत ही तक्रार कोणी ऐकत नाही. काही तासांतच दबलेला भाग मरू लागतो. वरून नुसता डाग दिसतो. आत मात्र स्नायूपर्यंत नाश पोहोचलेला असतो.

१८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरील छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. रोग्याला शय्याव्रण झाले तर तो दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. त्यापूर्वीच, १८५३ च्या सुमारास, ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले होते की, मज्जारज्जू तुटलेला असूनही अंगावर दाब पडू दिला नाही आणि त्वचा मूत्रापासून स्वच्छ ठेवली, तर व्रण होत नाहीत.

तथापि पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांचे मत वेगळे पडले. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे त्वचेचे पोषण आतूनच बिघडते आणि व्रण आपोआप उठतो, असे ते मानीत. असा व्रण त्यांना मृत्यूची पूर्वसूचना वाटे. शार्को यांचा अधिकार एवढा मोठा होता की त्यांचे मत पुढे दीर्घकाळ टिकून राहिले. जे अटळ आहे, ते टाळण्यासाठी रात्री कोण जागणार? पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुदोष यांनी मरण पावले.

हे चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धात. हिटलरच्या छळामुळे जर्मनी सोडून १९३९ साली इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांच्याकडे १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मॅंडेव्हिल येथील रुग्णालयातला एक नवा विभाग सोपविण्यात आला. कमरेखाली लुळे पडलेले सैनिक तेथे येत. कित्येकांच्या अंगावर प्लास्टरचे साचे असत आणि त्यांखाली जखमा सडत असत. गुटमन यांनी ते साचे काढून टाकले आणि एक साधा दंडक घातला : प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, बदललीच पाहिजे. या नियमात ना नवे औषध होते, ना यंत्र. होते ते परिचारिका आणि सेवक यांचे श्रम, आणि नियमात खंड पडू न देण्याचा कटाक्ष. ज्यांच्या आयुष्याची आशा सोडलेली होती, ते सैनिक जगू लागले.

मात्र तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. रोगी घरी गेल्यावर दर दोन तासांनी कूस बदलण्यास परिचारिका कोठून येणार? म्हणून परिचारिकेची विद्या रोग्याच्याच हाती द्यावी लागली. सकाळ-संध्याकाळ आरसा धरून आपली पाठ व कुल्ले स्वतः तपासावे, चाकांच्या खुर्चीत बसल्यावर दोन्ही हातांवर भार देऊन अंग वरचेवर उचलावे, चादरीला सुरकुती पडू देऊ नये, संवेदना नसलेल्या पायाजवळ गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, असे धडे त्याला दिले जाऊ लागले. जेथे वेदना बोलत नाही, तेथे डोळ्यांनी पहारा करावयाचा, हे त्या शिक्षणाचे सूत्र होय.

१९६२ साली डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराची स्थिती, मनाची सावधता, चालणे-फिरणे, अंग हालविण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावयाचे. २० पैकी १४ किंवा त्याहून कमी भरले तर रोग्याला धोका आहे असे समजावयाचे. जखम होण्याआधीच ती ओळखण्याचे साधन अशा रीतीने एका परिचारिकेने दिले. पाठीला स्पिरिट चोळणे, लाल झालेला भाग रगडणे, रबरी कडे खाली ठेवणे हे जुने उपचार पुढे मागे पडले. रगडण्याने दुबळी त्वचा अधिकच दुखावते आणि कड्यामुळे भोवतालचा रक्तप्रवाह अडतो, हे आता मान्य झाले आहे.

एक गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पाश्चात्त्य पुस्तकांनी धोक्याची पहिली खूण म्हणून लाल डाग सांगितला. सावळ्या त्वचेवर तो लाल डाग सहजी दिसत नाही. तेथे भोवतालपेक्षा गडद दिसणारा भाग शोधावा लागतो, आणि बोटांनी चाचपून तो अधिक गरम, कठीण किंवा लिबलिबीत लागतो काय, हे पाहावे लागते. पाठ्यपुस्तकांनी याची दखल घेतली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस.

पुण्याजवळ खडकी येथे १९७४ साली मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. त्यापूर्वी दोन वर्षे, हायडेलबर्ग येथील अपंगांच्या क्रीडास्पर्धांत, १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळविले होते. त्या स्पर्धांचा उगम गुटमन यांनी १९४८ साली स्टोक मॅंडेव्हिल येथे सुरू केलेल्या खेळांतच आहे.

परंतु या दुखण्याचे खरे रणांगण आजही घरातील एका खोलीत आहे. तेथे पडून असलेल्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारी मुलगी, सून वा मुलगा यांना औषधाच्या चिठ्ठीबरोबर कूस केव्हा बदलावी आणि त्वचा कशी तपासावी हेही कोणी समजावून सांगितले, तर पुष्कळ जखमा होणारच नाहीत. न झालेल्या जखमेची नोंद कोठेही होत नाही. शुश्रूषेचे यश बहुतांशी अशा नोंद नसलेल्या गोष्टींतच साठलेले असते.