वर्ध्याचे वेळापत्रक आणि मापनाचा प्रश्न

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला विद्यापीठात सांख्यिकी भेटते ती बहुधा सूत्रांच्या रूपाने. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक तो काढून दाखवतो. परंतु जे मोजले ते का मोजले, आणि मोजल्यामुळे त्या गोष्टीचे काय झाले, हे विचारण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. हा प्रश्न शिकवण्यासाठी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेसारखे दुसरे उदाहरण नाही, असे आम्हांस वाटते.

ही परिषद २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने २ डिसेंबरला अहवाल दिला. त्यातील एक युक्तिवाद सरळ मानसशास्त्रीय आहे: निव्वळ पुस्तकी शिक्षणाच्या जाचातून मूल सुटावे, हात आणि बुद्धी यांची वाढ जोडीने व्हावी. दुसरा युक्तिवाद आकड्यांचा आहे. शाळेचे वर्ष २८८ दिवसांचे, दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १०. मुलांच्या हातच्या कामातून शाळेचा चालू खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. म्हणून कताईच्या उत्पन्नाचा हिशेबही अहवालाने मांडला.

या दोन युक्तिवादांतला ताण त्याच वेळी ओळखला गेला होता. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेवर परिषदेतच आक्षेप घेतला. खुद्द अहवालही सावध करतो की, आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका आहे. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी हेच नियमाच्या रूपात मांडले: एखाद्या सामाजिक निर्देशकावर निर्णय जितके अधिक अवलंबून, तितका तो भ्रष्ट होण्याचा संभव अधिक.

सुताचे वजन दोनदा केले तरी तेच भरेल. म्हणजे मापन विश्वसनीय आहे. पण त्या वजनातून मुलाची वाढ कळते काय? विश्वसनीयता आणि वैधता यांतला भेद पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा या तराजूत लवकर उमगतो. १९४० साली व्ही. व्ही. कामत यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिने यांच्या कसोट्या त्यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतल्या होत्या. एकाच काळात एकीकडे मुलाची बुद्धी अंकात मांडली जात होती, दुसरीकडे त्याचे श्रम. दोन्हीकडे हेतू मुलाच्या हिताचाच होता, आणि म्हणूनच ही दोन्ही उदाहरणे वर्गात शेजारी ठेवावीत.

साहित्याच्या अभ्यासकाचा याच्याशी संबंध नाही, असे कोणी समजू नये. अहवाल हीदेखील एक संहिता आहे. तिच्या एका पानावर मुलाच्या मुक्तीची भाषा आणि दुसऱ्यावर मिनिटांचा हिशेब येतो, तेव्हा त्या दोन पानांमधली फट सूत्राने सापडत नाही. ती वाचूनच शोधावी लागते. सांख्यिकीच्या वर्गाला असा वाचक हवा आहे.