५० हजारांची रेघ

रक्तपेढीत मी उमेदवारी करत होते तेव्हा नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाकडून (एनआयसीयू) येणाऱ्या प्लेटलेट्सच्या मागणीपत्रांवर कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच ओळ असे: ‘काउंट ५० हजारांखाली.’ बाळाला रक्तस्राव होतोय का, ते कुणी लिहीत नसे. ॲजिटेटरवर हलणारी पिशवी उतरवायची, गट पाहायचा आणि किलोभर वजनाच्या जिवासाठी १०-१५ मिलिलिटर काढून वर पाठवायचं. ही रेघ कुणी ओढली, याचा माग मी तेव्हापासून काढत आले.

सुरुवात बाळांपासून फार लांब होते. तुरीनच्या ज्युलिओ बिझोझेरोंनी १८८२ मध्ये प्लेटलेट्स या रक्तातल्या कणांचं रक्त थांबवण्यातलं काम दाखवलं. १९१० मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ड्यूक यांनी ते रुग्णांवर पडताळलं. कानाच्या पाळीला टोचायचं, दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदावर थेंब टिपायचा आणि डाग कधी बंद होतात ते पाहायचं, इतकी साधी त्यांची तपासणी. दात्याचं ताजं रक्त दिलं की प्लेटलेट्स वाढत, स्राव थांबे. काही दिवसांनी त्या उतरल्या की पुन्हा सुरू होई. मला ड्यूक फार जवळचे वाटतात. त्यांचं आकड्याइतकंच वाहत्या रक्तावर लक्ष होतं.

पुढे हे लक्ष ढळलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्रायराइख आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांचा हिशोब मांडला. काउंट उतरतो तसा स्राव वाढतो. पण अमुक आकड्याखाली धोका एकदम सुरू होतो, असं त्यांना दिसलं नाही. तरीही व्यवहारात २० हजारांचा आकडा रूढ झाला. रात्री २ वाजता निर्णय घेणाऱ्याला काहीतरी धरायला लागतं, हे मी समजू शकते. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की ४ अंशांपेक्षा २२ अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात जास्त टिकतात. त्यामुळे पिशव्या हाताशी राहू लागल्या.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत धास्ती मेंदूतल्या रक्तस्रावाची, म्हणून त्यांच्यासाठी रेघ आणखी वर गेली. कॅनडाच्या मॉरीन अँड्र्यू यांनी १९९३ मध्ये १५२ बाळांची चाचणी प्रसिद्ध केली. काउंट दीड लाखावर राखूनही मेंदूतला स्राव घटला नाही. ५० हजारांखाली काय करावं, हे त्या चाचणीत तपासलंच नव्हतं. तरी अनेक ठिकाणी तोच उंबरठा ठरला.

तो तपासायला २०१९ उजाडावं लागलं. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधली, ३४ आठवड्यांआधी जन्मलेली ६६० बाळं होती. एका गटाला ५० हजारांखाली प्लेटलेट्स, दुसऱ्याला २५ हजारांखाली गेल्यावरच. २८ दिवसांत मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १९. दोन वर्षांच्या वयाला मृत्यू किंवा विकासातलं गंभीर व्यंग ५० टक्के विरुद्ध ३९. जास्त देण्यानं जास्त नुकसान! बाळाच्या मंद प्लेटलेट्सना त्याच्या रक्तातले इतर घटक सांभाळून घेतात. मोठ्या माणसाच्या चपळ प्लेटलेट्स शिरल्या की तो तोल बिघडत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

रक्त येत असलेल्या बाळाची गोष्ट अर्थात वेगळी. आईच्या प्रतिपिंडांमुळे प्लेटलेट्स नष्ट होत असतील तर जुळणारा दाता शोधतात. पण बाळाला रक्तस्राव होत असेल तर त्या दात्यासाठी थांबायचं नसतं, हाताशी असेल ती पिशवी द्यायची.