पाटी कुणी रंगवायची?



डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. स्वागतच आहे. पण त्या नव्या पाट्या बनवल्या कुणी, पैसे कुणाच्या गल्ल्यात गेले? आम्ही काम करतो त्या वस्त्यांत तरी नाव आपले आणि पाटी तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याची, असेच चित्र आहे. पूर्वी असे नव्हते.

बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले, की जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे; ती माणसाला धंदा बदलू देत नाही आणि म्हणून बेकारीला कारण होते. हे पुस्तकी नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होई! 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला.

पाट्या रंगवण्याचा धंदा मात्र नवा होता. दुकाने, सिनेमा, निवडणुका यांच्याबरोबर वाढलेला. बारा बलुत्यांत त्याला जागा नव्हती, म्हणून राखणदारही नव्हता. मुंबईत नवखे आलेले एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवत उभे राहिले. आपल्या पोरांना हा दरवाजा चळवळीने उघडून दिला. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचा हत्ती भिंतीवर काढायचा होता. 1972 नंतर पँथरच्या शाखांचे बोर्ड आले. मग नामांतराच्या घोषणा, थेट 1994 च्या नामविस्तारापर्यंत. ज्या समाजाला अक्षर नाकारले होते, त्याची पोरे गावाच्या भिंतीवर हातभर उंचीची अक्षरे काढू लागली.

आमच्या वस्तीतले एक पेंटरकाका सांगतात, पहिले सहा महिने उस्तादाने ब्रश धुवायला लावले. मग पत्रा पॉलिशपेपरने घासणे, अस्तर मारणे. निळीत बुडवलेली दोरी ताणून सूत मारायचे, शिरोरेघ पक्की करायची. पुढे भरणी, म्हणजे उस्तादाने काढलेल्या अक्षरात रंग भरणे. स्वतःचे अक्षर काढायला वर्ष गेले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' एका ओळीत बसवायचे तर मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे मोजत जायचे, नाहीतर शेवटचा 'र' चेंगरतो. वेलांटीचा बाक सगळ्यात अवघड. आणि मजुरी? जयंतीला चहा आणि हार. (हा आपल्याच मंडळांचा दोष आहे, तो कबूल करू.) पोट भरले ते त्या भिंती बघून आलेल्या किराणा दुकानदारांच्या बोर्डांवर.

1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याने भिंती आवळल्या, नंतर फ्लेक्सने कुंचला संपवला. अनेकजण म्हणतात, तंत्रज्ञान आले, त्याला काय करणार? आम्हाला हे अर्धेच पटते. कुंचल्याच्या धंद्यात शिरायला हात लागत होता, फ्लेक्सच्या धंद्यात लाखांचे मशीन लागते. भांडवल, तारण, चौकातला गाळा हे ज्यांच्याकडे पिढीजात आहे त्यांच्याकडे धंदा गेला. राखणदार पुन्हा उभा राहिला, फक्त विटाळाऐवजी तो तारण मागतो.

म्हणून नव्याने शिरणाऱ्याने मशीनपासून सुरुवात करू नये, असे आमचे मत आहे. छपाई दुसऱ्याकडून करून घेता येते. डिझाईन, माप घेणे, लोखंडी फ्रेम, अ‍ॅक्रिलिकची अक्षरे, एलईडीची जोडणी, उंचावरची फिटिंग, यात अजून हातच लागतो. 2022 च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तीही इतर लिपीपेक्षा लहान अक्षरात चालत नाही. देवनागरी नीट बसवणारा माणूस म्हणजे कामाचा माणूस. कर्जासाठी महात्मा फुले महामंडळ आहे. पण कागद पुरे असले तरी बँकेत खेटे पडतात. आमच्या ओळखीच्या एका पोराचे प्रकरण आठ महिने टेबलावर पडले होते.

त्याने शेवटी उधारीच्या ड्रिल मशीनवर सुरुवात केली. पहिले काम आमच्या बुद्धविहाराची पाटी, निम्मे पैसे आगाऊ देऊन. पेंटरकाकांनी त्याला 'विहार'ची वेलांटी तीनदा पुसायला लावली.