निकालाची फेरतपासणी

घर खाली करण्याचा हुकूम झाला आणि दुसऱ्या दिवशी भाड्याची पावती सापडली, तर त्याच न्यायाधीशापुढे पुन्हा जाता येते काय? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने वाट ठेवली, पण अरुंद: कसोशीने शोधूनही आधी न मिळालेला पुरावा, किंवा दप्तरावर उघड दिसणारी चूक. (घरच्याच पेटीतली पावती या कसोटीस उतरणे कठीणच!)

हैदराबादेत आंध्र प्रदेशाच्या १९६० च्या कायद्याने हे तंटे भाडेनियंत्रकाकडे गेले. अशा खास अधिकाऱ्यांना लागू पडणारे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली, सौराष्ट्रातील एका जमिनीच्या खटल्यात, सांगितले: पुनर्विलोकनाचा अधिकार उपजत नसतो, कायद्याने तो स्पष्टपणे वा ओघाने दिलेला हवा. १९८० साली एका कामगार-तंट्यात मात्र भेद झाला. सबळ कारणाने गैरहजर राहिलेल्याविरुद्धचा एकतर्फी निवाडा बाजूस सारून पुन्हा ऐकणे निराळे. पावतीवाल्यास अपिलाचीच वाट. आणि तिची मुदत हुकमाच्या तारखेपासूनच धावू लागलेली असते.