नमुन्याच्या डब्यात तगलेली पार्टुला

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत जाऊन सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला सांगून बघा, की जगात काही लोक गोगलगायी वाचवायला धडपडताहेत. तुम्हाला वेड्यात काढेल. आणि त्याचं चुकत नाही. २०२२ मध्ये मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. ही आफ्रिकन जात इथली नव्हेच. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यात आणली. (हो, अभ्यासकानेच!)

हीच जात १९६७ मध्ये प्रशांत महासागरातल्या ताहितीत खाण्यासाठी नेली, ती तिथल्या पिकांवर पसरली. मग तिला खायला म्हणून फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय युग्लँडिना १९७४ मध्ये ताहितीत, १९७७ मध्ये शेजारच्या मोरेआ बेटावर सोडली. तिने मोर्चा वळवला झाडावरच्या चिमुकल्या पार्टुलांकडे. पार्टुला जेमतेम दोन सेंटिमीटरची, एका वेळी एकच पिल्लू देणारी. तिचा काय निभाव लागणार? १९८७ मध्ये मोरेआवर शोधूनही पार्टुला सापडेना.

आता ‘सापडेना’ हे म्हणता येतं कशामुळे, ते बघा. क्रॅम्प्टन हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १९०६ पासून या बेटांवर फिरला. दरीदरीतून शंख गोळा केले, मोजले, १९१६ आणि १९३२ मध्ये जाडजूड ग्रंथ छापले. त्याला शोध होता उत्क्रांतीचा. ऱ्हासाची कल्पनाही नव्हती. पुढे १९६० च्या दशकात ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे आनुवंशिकीसाठी तिथेच गेले. संकराच्या प्रयोगांसाठी त्यांनी पार्टुला प्रयोगशाळेत, डब्यांमध्ये वाढवल्या होत्या. जंगल रिकामं होऊ लागलं तेव्हा ती डब्यातली पैदास कशी करायची, हे कुणाला तरी ठाऊक होतं. प्राणिसंग्रहालयांचा बंदिस्त प्रजननाचा कार्यक्रम त्या अनुभवावर उभा राहिला.

तो रडतखडतच चालला. पार्टुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. कारण एक सूक्ष्म परजीवी. सगळी जात एका छपराखाली ठेवली की एक रोगही पुरतो.

२०१५ पासून पार्टुला बेटांवर परत सोडू लागले. सोडण्याआधी प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा ठिपका देतात; रात्री अतिनील दिव्यात तो चमकतो, मोजायला सोपं जातं. २०२४ मध्ये मोरेआवर ठिपका नसलेल्या प्रौढ पार्टुला तोहिवेआना सापडल्या. म्हणजे त्या जंगलातच जन्मलेल्या.